परतीची एकशे शहाऐंशी पावलं

१

माझ्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली आणि डाव्याची जायला लागली, तेव्हा ठकूने तिचा जुना फोन मला दिला. ठकू माझी भाची. बावन्न वर्षांची आहे, एका शाळेत ग्रंथपाल आहे, पण घरात ती ठकूच. आम्ही दोघंच राहतो.

"हे बघ मामा," ती म्हणाली, "हा बिनतारी इयरफोन कानात घालायचा, कुठे जायचंय ते बोलायचं, आणि ही बाई सांगेल तसं चालायचं. वाद घालायचा नाही."

"मी कशाला वाद घालीन?"

"तू रेडिओवरच्या बातम्यांशी वाद घालतोस."

हे खरं आहे. मी चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. शंका घेणं हा तेव्हा माझा पेशा होता, आता तो आजार झाला आहे. दाराला कुलूप लावून मी ते दोनदा ओढून बघतो, आणि जिन्यात उभा राहून विचार करतो की दोनदा ओढलं की एकदाच.

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं असे. वाट सोपी. दारातून डावीकडे, शिंप्याच्या दुकानाशी उजवीकडे, मग सरळ कालव्यापर्यंत. तिथे पायी जाण्यापुरता एक अरुंद पूल आहे. पूल ओलांडून डावीकडे वळायचं आणि काठाकाठाने, उतरत्या वाटेने दवाखान्याच्या फाटकाशी पोचायचं. पंधरा मिनिटं. डोळे मिटून जाईन असं मी पूर्वी म्हणत असे. आता तो विनोद राहिलेला नाही.

पहिले दोन मंगळवार बाईने मीटर सांगितले. अमुक मीटर सरळ, मग उजवीकडे. तिसऱ्या मंगळवारी मी दाराबाहेर पडलो आणि ती म्हणाली, "सरळ एकोणसाठ पावलं."

अर्धा रस्ता चालून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती पावलं म्हणाली.

संध्याकाळी ठकूला सांगितलं. तिने फोन हातात घेतला, बराच वेळ बोट फिरवलं. "तुझा अंगठा कुठेही पडतो, सेटिंग बदललं असेल." मग जरा थांबून म्हणाली, "पण इथे पावलांचं काही नाहीच रे. मीटर आणि फूट, दोनच."

"मग?"

"मग काय, अपडेट आलं असेल."

आमच्या आधीच्या पिढीतली माणसं जिथे 'ग्रह' म्हणत, तिथे ठकू 'अपडेट' म्हणते. मीही मान हलवली.

२

पुढच्या मंगळवारी मी मोजलं. बाई म्हणाली एकोणसाठ, आणि शिंप्याचं दुकान मला अठ्ठेचाळीस पावलांत लागलं. उरलेली अकरा पावलं मी चाललो असतो तर चौकाच्या मधोमध उभा राहिलो असतो.

घरी येऊन पट्टीने स्वतःचं पाऊल मोजलं. सव्वादोन फूट. हिशेब साधा होता: बाईचं पाऊल बावीस इंचांचं. यंत्रात कुठली तरी सरासरी घातलेली असणार. बुटक्या माणसांच्या देशातली सरासरी. मला हसू आलं, आणि त्या रात्री मी नीट झोपलो.

पण मंगळवार येत राहिले. शिंप्याच्या दुकानापासून कालव्यापर्यंत बाईचं पाऊल बावीस इंचांचंच राहिलं. पूल ओलांडून उतरती वाट लागली की मात्र ते चोवीस इंचांचं होई. मी तीन मंगळवार पुन्हा पुन्हा मोजलं. सरासरीला उतार कळत नाही. उतार पायांना कळतो. उताराला पावलं लांबतात ती शरीराची, आणि उतारावर बाई म्हणत होती, "सरळ एकशे शहाऐंशी पावलं. मग फाटक."

एकदा मी मुद्दाम लहान पावलं टाकून पाहिली. दारापासून टाच आधी टेकवत, जरा थबकत, बावीस इंचांची. एकोणसाठावं पाऊल शिंप्याच्या पायरीला लागलं. शिंपी मशीनवरून मान वर करून म्हणाला, "काय सर, पाय दुखतायत का? बायकांसारखे चालताय आज."

मी काहीतरी उत्तर दिलं. ती चाल माझ्या पायांना कुणाच्या तरी मागून चालून माहीत झालेली होती. कुणाच्या, हे त्या क्षणीच मला कळलं होतं. फक्त मी ते स्वतःला पुलापर्यंत कळू दिलं नाही.

पुलावर बाई गप्प झाली. इयरफोनमध्ये सायकलची घंटी वाजली. रस्त्यावर सायकल नव्हती. मग एका माणसाने घसा साफ केला, दोनदा, कोरडा. आपल्याला एखादी गोष्ट पक्की ठाऊक आहे अशा माणसाचा घसा. तो माझाच आवाज होता. तिशीतला.

३

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या घराण्यातला डोळ्यांचा रोग तिला तिशीतच लागला आणि दोन वर्षांत तिची नजर पूर्ण गेली. नवरा त्याआधीच वारला होता. ती तिच्या मुलीला, म्हणजे ठकूला, घेऊन माझ्याकडे आली आणि कालव्यापलीकडच्या कारखान्यात टेलिफोनच्या स्विचबोर्डवर कामाला लागली. कारखान्यात चारशे फोन होते. चारशेही नंबर तिला पाठ होते. साहेब 'रंगखात्यातला तो टक्कल पडलेला' एवढं म्हणाला तरी ती बरोबर जोडून देई.

कॅसेटची कल्पना माझी होती आणि मला तिचा फार अभिमान होता. ताईला नवी वाट शिकायची असली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून मी तिच्या मागून चालत असे. ती काठी टेकत मोठ्याने पावलं मोजी आणि मी माइकमध्ये सांगत जाई: एवढी पावलं सरळ, इथे डावीकडे, इथे पायरी. टेप मध्ये कुठेही थांबवायची नाही हा नियम होता, म्हणजे टेपचा वेग तोच तिच्या चालण्याचा वेग. नंतर ती एकटी निघे, टेपरेकॉर्डर झोळीत, एक कान टेपकडे, एक रस्त्याकडे. आठवडाभरात वाट पाठ होई आणि कॅसेट कपाटात जाई.

मग मोठा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तिला या अरुंद पुलावरून जावं लागणार होतं. रविवारी आम्ही जाण्याची टेप केली. कारखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर ताई म्हणाली, "चल, आता परतीची करू."

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण टेबलावर पडलं होतं. मी म्हणालो, "परतीची वेगळी कशाला? हीच वाट उलटी. मी घरी करून देतो."

"अरे, येताना चढ आहे."

"चढाने लांबी वाढते का ताई? जाताना जेवढी तेवढीच येताना."

"लांबी नाही रे, मी म्हणते..."

मी टॅक्सीला हात केला होता.

संध्याकाळी टेबलाशी बसून मी कागदावरचे आकडे खालून वर लिहून काढले. 'डावीकडे'चं 'उजवीकडे' केलं. मनगटावरचं घड्याळ बघत मध्ये मोकळी जागा सोडली. डोक्यावर पंखा चालू होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही. वीस मिनिटांत काम झालं. फाटकापासून सरळ एकशे शहाऐंशी पावलं, मग उजवीकडे, पूल.

उताराला एकशे शहाऐंशी लागलेली वाट दिवसभर काम करून थकलेल्या बाईला चढाला तेवढ्याच पावलांत संपत नाही. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी गणिताचा प्राध्यापक होतो.

त्या वर्षी कालव्यातला गाळ काढण्याचं काम चालू होतं. पुलाच्या थोडं अलीकडे मजुरांनी काठाचा कठडा फोडून वाट केली होती. सोमवारी संध्याकाळी ताईने एकशे शहाऐंशी पावलं मोजली, उजवीकडे वळली, काठी पुढे केली. काठीला कठडा लागला नाही. म्हणजे पूल आला.

४

"मोजताना चुकली असेल," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला आठवत नाही. पण ते वाक्य कुणी म्हणाल्यावर मी मान हलवली, हे आठवतं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर मी ते स्वतः म्हणालो. कारखान्यातले लोक भेटायला आले त्यांना म्हणालो. ठकू तेव्हा नऊ वर्षांची होती. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, तिलाही म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मी एकटा तिथे गेलो आणि फाटकापासून चढाने चालत आलो, ताईसारखी लहान पावलं टाकत. पूल दोनशे बाराव्या पावलाला लागला. सव्वीस पावलं मी खाल्ली होती.

टेपरेकॉर्डर नंतर परत मिळाला, आत कॅसेट होती, भिजून फुगलेली. ती मी घरी न आणता वाटेतच टाकून दिली.

ठकू मोठी झाली ती स्वतःच्या मोजण्यावर विश्वास न ठेवता. घराबाहेर पडताना तीनदा गॅस बघते. ग्रंथालयात पुस्तकांची गणती एकटी कधी करत नाही, कुणाला तरी बरोबर घेते. "मी बाई वेंधळी," असं हसत सांगते, "आईवर गेलेय." तिने लग्न केलं नाही. त्याचं कारण वेगळं असू शकेल. सगळंच माझ्याकडे ओढून घेण्यातही एक प्रकारचा अहंकार असतो, हे मला कळतं. पण वीस-पंचवीस वेळा तरी असं झालं आहे की ती तिसऱ्यांदा गॅस बघायला उठली, आणि मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "बंद आहे गं."

त्यापुढचं वाक्य मी त्रेचाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

५

जाताना बाईच्या मागे रस्त्याचे आवाज असत. ते माझ्या ओळखीचे झाले. कुत्रं भुंकायचं, सायकलची घंटी, मग घसा. दवाखान्यातून परत निघताना मात्र मी इयरफोन कानात घालत नसे. एकदाच घातला.

दवाखाना जुन्या कारखान्याच्या जागेवर आहे. फाटकही तिथेच. मी बाहेर आलो, "घर" असं फोनला सांगितलं आणि उभा राहिलो. समोरून बस गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली. इयरफोनमध्ये यातलं काही नव्हतं. तिथे बंद खोलीची शांतता होती, आणि तिच्यात एक घरघर, दर फेरीला एकदा कट् असा आवाज करणारी. मग कागद उलटला.

"सरळ एकशे शहाऐंशी पावलं," बाई म्हणाली. "मग उजवीकडे."

मी इयरफोन उपटून खिशात टाकला आणि टॅक्सी केली. तेव्हापासून दर वेळी टॅक्सी.

"गुडघे दुखतात," असं ठकूला सांगितलं.

"जाताना दुखत नाहीत?"

"येताना चढ आहे," मी म्हणालो.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. आडवळणाने विचारलं. त्या म्हणाल्या, नजर कमी होते तेव्हा मेंदू रिकाम्या जागा आपल्या पदरचं काहीबाही घालून भरतो. काहींना फुलं दिसतात, काहींना माणसं दिसतात, घाबरायचं नाही.

"आणि कान?" मी विचारलं. "कानही भरतो का मेंदू?"

"तुमचे कान चांगले आहेत, सर," त्या हसून म्हणाल्या. "मी हळू बोलले तरी तुम्ही माझी चूक काढता." मग कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, "हा रोग तुमच्या घराण्यात आहे. भाचीलाही तपासायला हवं. पुढच्या मंगळवारी दोघंही या."

६

त्या मंगळवारी वेळ दुपारची मिळाली. दोघांच्याही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. ठकूचे डोळे ठीक निघाले. पण चार तास तिला जवळचं काही दिसणार नव्हतं आणि ऊन सोसणार नव्हतं. मला तर नेहमीचंच.

फाटकाबाहेर आलो तर सगळं पांढरं. ठकू डोळ्यांवर हात धरून हसत सुटली. "अगं बाई, काहीच दिसत नाही! आंधळी कोशिंबीर झाली नुसती."

"टॅक्सी करू."

"कशाला? पंधरा मिनिटांची वाट. तुझी बाई आहे की. आण तो इयरफोन, एक तुझ्या कानात, एक माझ्या."

"ठकू, टॅक्सी करू."

"मामा, मला आज जरा चालू दे. आठ दिवस झोप नाही मला. वाटलं होतं, आईसारखं होणार माझं." तिने माझ्या हातात हात गुंफला. "नाही झालं. चल."

यावर बोलण्यासारखं एकच वाक्य होतं.

फोन तिने आपल्या पर्समध्ये टाकला. डाव्या हाताने मला धरलं, उजवा हात कठड्यावर ठेवला. आता तिथे लोखंडी कठडा आहे, कमरेएवढा. मला तेवढाच धीर होता की कठडा आहे.

"सरळ एकशे शहाऐंशी पावलं. मग उजवीकडे."

"अगं, खरंच की," ठकू म्हणाली. "पावलंच सांगते ही." चारपाच पावलांनी तिने मान वळवली. "आणि मागे पंखा कसला घरघरतोय?"

तोवर मी मानत आलो होतो की हे माझ्या मेंदूत आहे. भीतीपोटी का होईना, मानत आलो होतो. माझा पाय अडखळला.

"तुला ऐकू येतो पंखा?"

"न ऐकायला काय झालं? कट् कट् करतोय. आपल्या बाहेरच्या खोलीत असला एक होता ना जुना? बारा, तेरा... बोलू नकोस, माझी मोजणी चुकेल."

ती मोजत होती. मोठ्याने, टाच आधी टेकवत, जरा थबकत. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं चाललो आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं: ठकू आईच्या चालीने चालते.

पन्नासाव्या पावलाला मी ठरवलं की साठाव्याला सांगू. साठाव्याला वाटलं, कठडा आहे, घाई काय. ऊन पाठीवर होतं. शंभर झाली. खालच्या बाजूने, पाण्यावरून, माणसांचे आवाज आले, फावडी दगडावर घासल्याचा आवाज आला आणि ओल्या गाळाचा वास आला.

"काय वास सुटलाय," ठकू नाक मुरडून म्हणाली. "साफसफाई काढलेली दिसते. एकशे बेचाळीस. मामा, हात किती घट्ट धरलायस!"

"ठकू..."

"चुकेल म्हटलं ना! एकशे त्रेचाळीस."

मी सांगू शकलो असतो. तिथून पुढे त्रेचाळीस पावलं होती. प्रत्येक पावलावर मी सांगू शकलो असतो, आणि प्रत्येक पावलावर मला वाटलं की पुढच्या पावलाला सांगणं जास्त सोपं जाईल.

"एकशे शहाऐंशी," ठकू म्हणाली.

"उजवीकडे वळा," बाई म्हणाली.

ठकूचा हात कठड्यावरून सरकत होता, तो हवेत गेला. "आला पूल," ती म्हणाली आणि वळली. मी दोन्ही हातांनी तिला मागे ओढलं. आम्ही दोघंही पडता पडता वाचलो.

"अरे! काय करतोस?"

"हा पूल नाही."

"कठडा संपलाय. बघ, मोकळं आहे."

"गाळवाल्यांनी काढलाय तो. पूल सव्वीस पावलं पुढे आहे."

"तुला काय माहीत? तुला तर समोरचा माणूस दिसत नाही."

"मी मोजलंय."

"कधी?"

"तुझी आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी."

ठकूने चप्पल पुढे सरकवून एक खडा ढकलला. खडा पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला नाही, पण लागला.

"ती चुकली नव्हती," मी म्हणालो. "तिने बरोबर एकशे शहाऐंशी मोजली. आकडा मी दिलेला होता. ती टेप मी चालून केलीच नाही, घरी बसून केली. पंख्याखाली. मला घाई होती."

७

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल.

"मी तीनदा उठते गॅस बघायला," ती म्हणाली. "तू बघतोस मला उठताना."

"हो."

"आठवीत गणितात नापास झाले तेव्हा तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. म्हणालास, असू दे, आईवर गेलीस."

"हो."

"लाडाने म्हणालास."



तिने कानातला इयरफोन काढला आणि पर्समध्ये टाकला. "मी पुढे जाते. आत्ता माझ्याबरोबर चालू नकोस, मामा. हात धरू नकोस माझा. ये तू मागून."

ती त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेली. पुढचा कठडा सापडल्यावर तिच्या बांगडीचा लोखंडावर आवाज झाला, मग तो दूर गेला. फोन तिच्याकडेच होता. माझ्या कानातल्या इयरफोनने एक बारीक सूर काढला आणि तो मुका झाला. पंखाही थांबला. खाली फावडी चालू होती.

मी एकटा उभा होतो, हे मी पक्कं सांगू शकतो.

आंधळ्या माणसाला आपण हाताला धरून नेतो ते त्याला आवडत नाही. ओढत नेल्यासारखं होतं. त्याला आपला कोपर धरायचा असतो, मागच्या बाजूने, हलकेच, आणि अर्धं पाऊल मागे राहून चालायचं असतं. म्हणजे आपण वळलो की त्याला न सांगता कळतं. ज्याने कधी कुणाला असं नेलं आहे त्याला ती पकड दुसऱ्या कुठल्याही पकडीहून वेगळी ओळखू येते.

ती बोटं माझ्या उजव्या कोपरावर होती. गार वगैरे नव्हती. उबदार होती, जरा घामेजलेली, दिवसभर काम केलेल्या माणसाची.

"ठकू?" मी हाक मारली.

"पुलाशी आहे मी," ती लांबून म्हणाली. आवाज पाण्यावरून आला की वाटेवरून, मला ठरवता आलं नाही.

ऊन मागून येत होतं. पांढऱ्या वाटेवर पुढे माझी सावली पडली होती, एवढं मला दिसत होतं. ती एका माणसाच्या सावलीहून रुंद होती. मी तिच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. मागे तर पाहिलंच नाही.

वळसा घालून मी चालायला लागलो. "एकशे सत्त्याऐंशी," मी मोठ्याने म्हणालो, कारण न म्हणता चालणं मला शक्य नव्हतं. माझ्या प्रत्येक पावलानंतर, अर्ध्या पावलाने, दुसरं पाऊल पडत होतं. टाच आधी. एकशे नव्वद. एकशे पंच्याण्णव. कठडा माझ्या उजवीकडे असायला हवा होता. तो चाचपायला हात लांबवायचा तर ती जिथे होती तिथून लांबवावा लागला असता. तेवढी हिंमत मला झाली नाही.

दोनशेच्या पुढे मला नवीच शंका आली. दोनशे बारा हा आकडा कुणाचा? मी त्या सकाळी मोजला, तिशीतल्या धडधाकट माणसाने, आठ तास झोपून उठल्यावर, तिच्या पावलांची नक्कल करत. ती नऊ तास बसून, थकून, चढाने येत होती. तिची पावलं किती झाली असती, हे तिने चालून दाखवलं असतं तरच कळलं असतं. ती चालायला तयार होती. त्रेचाळीस वर्षं मी जो आकडा खरा म्हणून छातीशी धरून ठेवला होता, तोही मी घरी बसूनच केल्यासारखा होता.

"दोनशे बारा," मी म्हणालो आणि थांबलो.

मागचं पाऊलही थांबलं. समोर पांढरं होतं, उजवीकडे पांढरं होतं. ठकूला पुन्हा हाक मारली, ती बहुतेक पूल ओलांडून गेली होती. कोपरावरची बोटं किंचित दाबली गेली. मग माझ्या खांद्याच्या मागून, चढाने धाप लागलेल्या, पण मुळीच न घाबरलेल्या आवाजात प्रश्न आला.

"वळू?"

आयुष्यभर मी वर्गात फळ्यापाशी उभा राहिलो आणि कुणी प्रश्न विचारला की मला उत्तर येत असे. येत नसलं तरी मी देत असे.

"थांब, ताई," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

ती थांबली. ठकूने परत येऊन मला दुसऱ्या हाताला धरून घरी आणलं, त्याला आता दोन महिने झाले. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी घराबाहेर जात नाही. लिहितानाही उजवा कोपर मी टेबलावर टेकवत नाही, अंगापासून जरासा दूर धरतो.